बिल भरलं म्हणजे भरपाई झाली असं नाही

उद्यमबाग, मच्छे, होनगा, ऑटोनगर, बेळगावच्या ह्या औद्योगिक भागांतल्या कुठल्याही शॉपमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, पोराचं बोट मशीनमध्ये गेलं की पुढं काय होतं हे बेळगावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मालक स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतो, बिल भरतो, आठ-पंधरा दिवसांनी गावातला कुणीतरी वजनदार माणूस, बहुतेक वेळा ज्यानं पोराला तिथं चिकटवलं तोच, मध्ये पडतो, वीस-पंचवीस हजारावर बोलणं येतं, बॉन्ड पेपरवर "माझी काही तक्रार नाही" म्हणून सही होते आणि जखम भरली की तोच पोरगा त्याच शॉपमध्ये हेल्पर नाहीतर वॉचमन म्हणून परत उभा. घरचे म्हणतात, मालक चांगला हाय, बिल तर सगळं भरलाय की, दुसरा असता तर वळूनपण बघितला नसता.

ही तडजोड बंद झाली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ती बंद करायची जबाबदारी जखमी पोरापेक्षा मध्ये पडणाऱ्यांवर जास्त आहे, म्हणजे पंच, ग्रामपंचायतीचे मेंबर, मंडळाचे कार्यकर्ते, नात्यातली चार बुकं शिकलेली माणसं. पोरगा आणि त्याच्या घरचे त्या वेळी घाबरलेले असतात, हाताचं पुढं काय होणार, नोकरी राहणार का, हप्ते कसे फिटणार, एवढंच डोक्यात असतं, त्यांना कायदा आणि आकडा दोन्ही माहीत नसतात. मध्ये बसून आकडा ठरवणाऱ्याला तरी ते माहीत असले पाहिजेत.

म्हणून आधी आकडाच मांडतो. माझ्या ओळखीतला पश्चिम भागातल्या एका गावचा पोरगा, वय पंचवीस, पगार हातात पंधरा हजार, पॉवर प्रेसवर त्याची एका हाताची दोन बोटं गेली. त्याला मिळाले तीस हजार, आणि ते पण दोन हप्त्यांत. आता कायद्याचा हिशोब बघा. १९२३ सालचा भरपाई कायदा आहे, आधी त्याला वर्कमन्स कॉम्पेन्सेशन म्हणायचे, २०१० पासून एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन. त्यात पगाराचे साठ टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला एक गुणक, म्हणजे ९ हजार गुणिले २१६.९१, म्हणजे १९ लाख ५२ हजार १९०. ही झाली माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर मिळायची रक्कम. दोन बोटं गेली तर कायद्याच्या तक्त्यात कमाईची ताकद वीस टक्के गेली असं धरलंय, म्हणून त्याचे वीस टक्के, ३ लाख ९० हजार ४३८ रुपये. अंगठा गेला असता तर तीस टक्के, ५ लाख ८५ हजारांच्या वर. चारी बोटं गेली तर पन्नास टक्के. एका डोळ्याची नजर गेली तर तीस. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर धोटा उडून डोळ्याला लागला तरी हाच तक्ता. आणि माणूस दगावला तर पगाराच्या पन्नास टक्क्यांना त्याच्या वयाचा गुणक लावायचा. ह्या तक्त्यात मालक चांगला की वाईट, गावचा की बाहेरचा, असा रकाना कुठंच नाही. तीन लाख नव्वद हजार आणि तीस हजार, ह्या दोन आकड्यांमधली रक्कम त्या पोराच्या खिशातून गेलीय आणि मध्ये बसलेल्या सगळ्यांना वाटतं आपण त्याचं भलं केलं.

हा कायदा आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, २०२० ची संहिता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण हिशोबाची पद्धत, म्हणजे पन्नास टक्के, साठ टक्के आणि वयाचा गुणक, तीच ठेवलीय. त्यामुळं कायदा बदलला आता काय मिळत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

बिलाचं म्हणाल तर उपचाराचा खर्च हा भरपाईचा भागच नव्हे. २००९ च्या दुरुस्तीनं कायद्यात सरळ लिहिलंय की कामावर झालेल्या जखमेच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा, आणि उपचारासाठी दिलेला पैसा भरपाईत धरायचा नाही हेपण कायद्यातच आहे. म्हणजे मालकानं दवाखान्यात दीड लाख भरले असतील तर ते त्यानं द्यायचेच होते, त्याबद्दल त्याचे आभार मानायला माझी काही हरकत नाही, पण ते भरपाईतून वजा करता येत नाहीत. जखम भरेपर्यंत कामावर जाता येत नाही त्या काळासाठी पगाराच्या पंचवीस टक्क्यांइतकी रक्कम दर पंधरवड्याला द्यायची असते.

आणि तो बॉन्ड पेपर. त्याच १९२३ च्या कायद्याचं कलम १७ होतं, कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडला किंवा कमी केला असा कुठलाही करार असेल तर तो तेवढ्यापुरता रद्दबातल. बॉन्ड शंभरचा असो की पाचशेचा, नोटरी केलेला असो, पाच पंचांच्या सह्या असोत. मृत्यू झाला असेल तर नियम आणखी कडक, भरपाईची रक्कम कमिशनरकडे, म्हणजे असे दावे बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा करायची, तो वारसांना वाटून देणार, मालकानं बायकोच्या हातात परस्पर पैसे ठेवले तर कायदा ते भरपाई दिली असं मानत नाही, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम तेवढी चालते. असं का ठेवलं असेल ते आपल्याला कळतं, तेराव्याच्या आत घरात पैशावरून कोण कोण बोलायला येतं आणि विधवेच्या वाट्याला शेवटी किती राहतं हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

आता जिथं खरं नुकसान होतं तिथं येतो, ते म्हणजे दवाखान्यातला केस पेपर. पोरगा कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर विचारतात कसं लागलं, आणि बरोबर आलेला सुपरवायझर त्याच्या आधी बोलतो, घरी पडला, गाडीवरून घसरला, शेतात कडबाकुट्टीत हात गेला. पोरगा वेदनेत असतो आणि साहेबांच्या देखत वेगळं बोलायची हिंमत नसते. ते एक वाक्य केस पेपरवर उतरलं की नंतर वकील कितीही चांगला मिळू दे, समोरचा वकील तोच कागद पुढं करतो. माझ्या मते अपघातानंतरच्या सगळ्या गोष्टींत ही सगळ्यात महत्त्वाची, पैशाचं बोलणं महिनाभरानं केलं तरी चालतं पण केस पेपरवर पहिल्या तासात काय लिहिलं ते नंतर बदलत नाही. म्हणून घरातलं कुणीतरी धावत दवाखान्यात पोचलं की पहिलं काम हे करायचं, अमुक कारखान्यात, अमुक मशीनवर, इतक्या वाजता, ड्युटीवर असताना लागलं, असं लिहून घ्यायचं, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, केली का ते विचारायचं. मालकाशी भांडायचं नाही काही नाही, खरं आहे ते लिहून घ्यायचं.

"चूक पोराचीच होती" हे तर प्रत्येक बैठकीत निघतं. मोबाईल बघत होता, गार्ड काढून ठेवला होता, हात घालू नको सांगितलं तरी घातला. पण ह्या कायद्यात चूक कुणाची हा पहिला प्रश्नच नाही. अपघात कामाच्या ओघात, कामामुळं झाला एवढं पुरे. मालकाला सुटका मिळते ती मोजक्याच ठिकाणी, दारू किंवा नशेत असला, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेची वस्तू मुद्दाम काढून टाकली, आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर ही कारणंसुद्धा चालत नाहीत. साधा निष्काळजीपणा, थकवा, डुलकी ह्यात बसत नाही. शिवाय गार्ड कोण काढतं हे पण एकदा प्रामाणिकपणे बोलूया. प्रेसला दोन हातांची दोन बटणं असतात, दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. मग त्यातलं एक बटण तार नाहीतर टेप लावून कायमचं दाबून ठेवलं जातं आणि दुसऱ्या हातानं जॉब सरकवत तासाला शंभर-दोनशे पीस जास्त निघतात. हे पोरगा स्वतःच्या हौसेनं करत नाही, पीसचं टार्गेट असतं, ओटी म्हणजे ओव्हरटाइम असतो, मागची शिफ्ट तसंच चालवत असते आणि सुपरवायझर रोज बघत असतो. फिरत्या भागाला गार्ड लावायचा आणि तो जागेवर ठेवायचा ही जबाबदारी १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टपासून कारखानदाराची आहे, पोराची नाही.

ह्यावर छोटे कारखानदार काय म्हणतात तेपण मला माहीत आहे, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. उद्यमबागेत आठ-दहा माणसं घेऊन जॉबवर्क करणारा माणूस म्हणतो, अहो मीच कर्जात आहे, कंपनी पेमेंट नव्वद दिवसांनी देते, स्टीलचे भाव वर-खाली, चार लाख कुठून आणू, शॉप बंद करू का, मग बाकीच्या आठ जणांचं काय? आणि हा मालक कित्येकदा आपलाच असतो, कालपर्यंत स्वतः लेथवर उभा असलेला, त्याच गावचा, त्याच भावकीतला. मी त्याला खलनायक करणार नाही. पण त्याचं उत्तर तडजोडीत नाही, विम्यात आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं आहेत तिथं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागतो, पगार २१ हजारपर्यंत असलेल्या कामगाराचा, कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, आणि मग मालकाच्या डोक्यावरची ही जबाबदारी ईएसआयकडे जाते, कामगाराला घरी बसायच्या काळात पगाराच्या नव्वद टक्क्यांच्या हिशोबानं पैसे आणि कायमचं अपंगत्व आलं तर महिन्याचे महिन्याला पेन्शनसारखं. दहाच्या खाली असाल तर विमा कंपन्यांची एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन पॉलिसी मिळते, प्रीमियम पगाराच्या रकमेवर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. केंद्राच्या १९२३ च्या कायद्यात हा विमा सक्तीचा नव्हता आणि तिथंच सगळं घोडं अडलं, कारण सक्ती नाही म्हटल्यावर तो खर्च कोण करणार. टू-व्हीलरचा विमा पोलिस पकडतील म्हणून काढतो आणि ज्या प्रेसवर रोज माणसाचा हात जातो तिचा काढत नाही. बेळगावच्या कारखानदारांच्या संघटनांनी ठरवलं, विमा दाखवल्याशिवाय मेंबरशिप रिन्यू नाही, तर सरकारची वाट बघायची गरज पडणार नाही.

उलट काय होतं, बारा माणसं असताना रजिस्टरला नऊच दाखवायची, ईएसआय नको म्हणून. पगार हातात पंधरा आणि कागदावर नऊ. हा कागदावरचा नऊ हजार अपघाताच्या दिवशी किती महाग पडतो ते सांगतो, त्याच पंचवीस वर्षांच्या पोराचा अंगठा गेला तर पंधराच्या पगारावर पाच लाख पंच्याऐंशी, नवाच्या पगारावर तीन लाख एक्कावन्न. म्हणून जीपेवर आलेला पगार, व्हॉट्सअॅपवर सुपरवायझरनं टाकलेले ओटीचे मेसेज, ओळखपत्राचा फोटो, हे सगळं जपून ठेवायला लागतं. सरकारनं पण ह्यात हात आखडता घेतलाय, हिशोबाला धरायच्या पगाराची कमाल मर्यादा २०१० पासून दहा वर्षं आठ हजारावर होती, जानेवारी २०२० मध्ये पंधरा झाली. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मशीन, चालवणारा चांगला ऑपरेटर पंचवीस हजार कमवत असेल तरी त्याच्या हाताची किंमत पंधराच्याच हिशोबानं. हे चूक आहे आणि ही मर्यादा वाढवून मागितली पाहिजे.

भाषेचा विषय टाळता येत नाही, सीमाभागात तर नाहीच. २०१७ च्या दुरुस्तीनं ह्याच १९२३ च्या कायद्यात कलम १७ अ आलं, कामाला घेतल्या घेतल्या मालकानं कामगाराला त्याचा भरपाईचा हक्क लेखी कळवायचा, इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत, कामगाराला समजेल अशा. नाही कळवलं तर त्या जुन्या कायद्यात पन्नास हजार ते एक लाख दंड होता. तुमच्यापैकी कुणाला किंवा कुणाच्या भावाला असा कागद मिळालाय का सांगा. कन्नडमध्ये नाही, हिंदीत नाही, कशातच नाही. आपण सरकारी परिपत्रकं मराठीतून मिळावीत म्हणून किती वर्षं भांडतोय, मोर्चे काढले, केसेस अंगावर घेतल्या, आणि ते बरोबरच आहे. पण त्या मागणीच्या यादीत सातबारा-उताऱ्याच्या बरोबरीनं हा कागद कधी आला नाही. तो आला पाहिजे, गेटवर कन्नड, मराठी, हिंदी तिन्हीत बोर्ड पाहिजे, कारण फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंगला कन्नड माणूस असतो, फेटलिंगला, म्हणजे ओतलेला जॉब घासून साफ करायला, मराठी आणि भट्टीवर बिहार-ओडिशाचा, आणि वितळलेलं लोखंड उडालं तर तिघांना सारखंच भाजतं. अर्जाचं म्हणाल तर घटनेच्या कलम ३५० प्रमाणं आपली तक्रार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडं देता येते, मराठीत दिली तर घेणार नाही असं त्याला म्हणता येत नाही.

सीमेचा आणखी एक मुद्दा आहे जो फार कमी लोकांना माहीत आहे. चंदगड तालुक्यातनं, तुडये-कोवाड भागातनं रोज किती पोरं बेळगावच्या कारखान्यात येतात, आणि बेळगावचे कितीतरी जण शिनोळीच्या एमआयडीसीत जातात. अपघात कर्नाटकात झाला म्हणून दावा कर्नाटकातच लावायला पाहिजे असं नाही. अपघाताची जागा, कामगार किंवा त्याचे वारस राहतात ती जागा, किंवा मालकाचं रजिस्टर्ड ऑफिस, तीनपैकी कुठंही लावता येतो. चंदगडचा पोरगा कोल्हापूर जिल्ह्यात दावा लावू शकतो, मराठीत. शिनोळीत हात गेलेला बेळगावचा माणूस बेळगावात. आणि ह्या येण्याजाण्यात पहाटेच्या शिफ्टला बाईकवर जाताना अपघात झाला तर? सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या वॉचमनच्या केसमध्ये सांगितलं की घर ते कामाची वाट, वेळ आणि काम ह्यांचा संबंध जुळत असेल तर तो कामावरचाच अपघात. नव्या संहितेत तर हे कलमच आहे. तो वॉचमन २००३ साली पहाटेच्या ड्युटीला जाताना गेला होता.

२००३ चा अपघात आणि २०२५ चा निकाल, हे वाचून कुणीही म्हणेल, हेच तर आम्ही म्हणतो, कोर्टात आयुष्य जातं, हातात पडलेले तीस हजार बरे. तडजोडीच्या बाजूचा हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि तो खरा आहे, केसेस रेंगाळतात, वकिलाचा वाटा जातो, दर तारखेला कामाचा खाडा. पण तडजोड आणि कोर्ट एवढेच दोन रस्ते नाहीत. पूर्ण आकडा समोर ठेवून मालकाशी बोलणं करा, मालक कबूल झाला तर तो करार कमिशनरकडे नोंदवून घ्या, कायद्यात त्याची सोय आहे, तिथं रक्कम फारच कमी वाटली तर कमिशनर नोंदणी नाकारू शकतो. मध्ये पडणाऱ्यांनी हे करावं, बैठक घ्यावी पण शेवट बॉन्डवर न करता नोंदणीवर करावा. आणि मालक अडून बसला तर त्यालापण घाईचं कारण आहे, महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर वर्षाला बारा टक्के व्याज चढतं आणि योग्य कारण नसेल तर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, आणि हा दंड विमा कंपनी भरत नाही, मालकाच्या खिशातून जातो. निकालाविरुद्ध मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम जमा करायला लागते.

अपघात मोठा असला की पेपरात येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये नावग्याच्या कारखान्याला आग लागली, एक तरुण कामगार लिफ्टमध्ये अडकून गेला, तेव्हा चार दिवस सगळीकडं तीच चर्चा होती. बोट गेलं, डोळा गेला, त्याची बातमी होत नाही. आणि जे हळूहळू होतं त्याची तर घरातपण चर्चा होत नाही, फेटलिंग शॉपमध्ये आणि मोल्डिंगच्या वाळूत पंधरा-वीस वर्षं काढलेला माणूस पन्नाशीत दम लागून बसतो, टीबीच्या गोळ्या चालू होतात, बऱ्या होत नाहीत, आणि कुणी विचारतच नाही की हा सिलिकोसिस, म्हणजे वाळूची बारीक धूळ फुफ्फुसात बसून होणारा आजार, तर नाही. सिलिकोसिस कायद्याच्या यादीत आहे, व्यवसायामुळं झालेला आजार म्हणून त्याला अपघातासारखीच भरपाई आहे. छातीचा एक्स-रे घेताना डॉक्टरांना एवढं तरी सांगा की मी इतकी वर्षं फाउंड्रीत होतो. ठेकेदाराच्या नावावर असलेल्यांना वाटतं आपलं कोण, कंपनी म्हणते हा आमचा नाही, पण कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या नेहमीच्या कामात, साखर कारखान्याच्या गव्हाणीवर असो नाहीतर भट्टीवर, ठेकेदाराच्या माणसाला लागलं तर मूळ कंपनीकडं भरपाई मागता येते, जुन्या कायद्यात हे कलम १२ होतं. रोजंदारीवाल्यालापण हक्क आहे, कॅज्युअल कामगार वगळायची तरतूद २००० सालीच काढून टाकलीय.

ज्यांच्याकडून बॉन्डवर सही घेऊन झालीय त्यांच्यासाठी शेवटचं. अपघाताला दोन वर्षं झाली नसतील तर दावा अजून लावता येतो, त्या सहीनं तो जात नाही, फार तर मिळालेली रक्कम हिशोबात धरतील. दोन वर्षं उलटली असतील तरी उशिराचं पटण्यासारखं कारण असेल तर कमिशनर तो माफ करू शकतो. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, हाताचे फोटो, त्या शिफ्टला बरोबर असलेल्या दोघांची नावं, बॉन्डची झेरॉक्स, एवढं घेऊन बेळगावच्या कोर्टात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा, १९८७ च्या कायद्यानं औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बायकांना आणि एससी-एसटीच्या लोकांनापण. ज्या माणसानं तुमच्या बाजूनं बैठकीत बोलणं केलं होतं त्यालाच बरोबर घेऊन जा, तीस हजार कसे ठरले हे तिथं सांगायला त्याच्याएवढा चांगला साक्षीदार दुसरा नाही.